दाव्यात विनाकारण ओढलेला तिऱ्हाईत: 'सात-अकरा' की नाव वगळण्याचा अर्ज?

पारिजातक

नमस्कार मंडळी. बाबांसाठी विचारते आहे, जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

बाबांनी काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या दोन कुटुंबांच्या साठेखतावर साक्षीदार म्हणून सही केली. पुढे विकणाऱ्यांनी खरेदीखत करून दिलं नाही, म्हणून घेणाऱ्यांनी करारपूर्तीचा दावा लावलाय. प्रतिवादी क्र. 1 विकणारे, 2 त्यांचा मुलगा, 3 व्यवहार जुळवणारे एजंट आणि 4 आमचे बाबा. गेल्या आठवड्यात बेलीफ समन्स देऊन गेला, तेव्हापासून बाबांचं जेवणात लक्ष नाही. आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेले नाहीत ते.

वादपत्र तीनदा वाचलं. बाबांचं नाव एकाच ठिकाणी आहे: "सदर साठेखत प्रतिवादी क्र. 4 यांचे समक्ष झाले असून त्यांना सर्व व्यवहाराची पूर्ण माहिती आहे." पण शेवटी विनंतीत मात्र "प्रतिवादी क्र. 1 ते 4 यांनी एकत्रितपणे व पृथकपणे विसार रक्कम व्याजासह परत करावी व नुकसानभरपाई द्यावी" असं आहे. म्हणजे पैशांची मागणी बाबांकडूनही! त्यांनी या व्यवहारात एक रुपया घेतला नाही, दिला नाही.

ओळखीचे वकील म्हणाले, सात-अकराचा अर्ज टाकू, पहिल्या फटक्यात बाहेर. असं खरंच होतं का?

घाटमाथा

ताई, काळजी करू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर 7 रूल 11, म्हणजेच सात-अकरा, त्यासाठीच आहे. वादपत्रात बाबांविरुद्ध दाव्याला कारणच नाही, मग ते फेटाळायलाच हवं. सर्वोच्च न्यायालयाचा सलीमभाई विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल काढायला सांगा. त्यात स्पष्ट म्हटलंय की हा अर्ज आला की फक्त वादपत्र बघायचं, प्रतिवादीचा बचाव बघायचा नाही, आणि अर्जाचा निकाल लावल्याशिवाय कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, द्यायला लावायचं नाही. म्हणजे कैफियतीची घाईही नाही.

काळाकोट

घाटमाथा, सलीमभाई बरोबर सांगितलात, पण या प्रकरणात त्या वाटेनं गेलं तर काकांचं नुकसान होईल. जरा सविस्तर लिहितो, कारण हा घोळ मी वारंवार बघतो.

ऑर्डर 7 रूल 11 हा वादपत्र फेटाळण्याचा नियम आहे. प्रतिवादीला सोडवण्याचा नाही. फरक बारीक वाटतो, पण सगळं त्यावर अवलंबून आहे. वादपत्र एकच असतं. ते राहतं तर अख्खं राहतं, जातं तर अख्खं जातं. "क्र. 4 पुरतं फेटाळा, बाकीच्यांविरुद्ध चालू द्या" असं या नियमाखाली मागता येत नाही.

सेजल ग्लास (2017) या प्रकरणात नेमकं हेच झालं होतं. दावा कंपनीवर आणि सोबत संचालकांवर. खाली संचालकांपुरतं वादपत्र फेटाळलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, असे तुकडे करता येत नाहीत. काही प्रतिवादींविरुद्ध दावा तग धरत असेल तर सात-अकरा लागूच होत नाही, संपूर्ण दावा चालला पाहिजे. मग माधवप्रसाद अगरवाल विरुद्ध अ‍ॅक्सिस बँक (2019). तिथे फ्लॅट घेणाऱ्यांनी बिल्डर आणि बँक दोघांवर दावे केले होते. बँकांच्या कर्जवसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याच्या कलम 34 मुळे आपल्याविरुद्ध दिवाणी दावा चालत नाही, असं बँकेचं म्हणणं. तरीही फक्त बँकेपुरतं वादपत्र फेटाळता येणार नाही असाच निकाल आला. 2025 मध्ये सेंट्रल बँक विरुद्ध प्रभा जैन या प्रकरणातही हेच धोरण मागण्यांच्या बाबतीत पुढे नेलं: एक जरी मागणी टिकत असेल तरी वादपत्र अंशतः फेटाळायचं नाही.

पारिजातक, तुमच्या प्रकरणात विकणाऱ्याविरुद्ध दावा चांगलाच टिकतो. साठेखत आहे, विसार दिलाय, खरेदीखत झालेलं नाही. म्हणजे सात-अकराचा अर्ज नामंजूर होणार हे आजच दिसतं. त्यात वर्ष-दीड वर्ष जाईल. आणि नामंजुरीचा आदेश वादीचा वकील पुढे प्रत्येक तारखेला दाखवेल.

तुमचा नियम वेगळा आहे. ऑर्डर 1 रूल 10, पोटनियम 2. अयोग्य रीतीनं सामील केलेल्या पक्षकाराचं नाव न्यायालय कोणत्याही टप्प्यावर, अर्जावरून किंवा स्वतःहून कमी करू शकतं. दावा चालू राहतो, फक्त काका बाहेर पडतात. तुम्हाला हवं आहे ते हेच.

पारिजातक

खूप आभार, काळाकोट. पहिल्यांदाच काहीतरी नीट कळलं. पण वकिलांना हे कसं सांगू? ते म्हणतील मला शिकवू नका.

काळाकोट

वर दिलेले तीन निकाल त्यांना नुसते दाखवा. कोणताही वकील ते वाचून वाट बदलेल.

अर्जात काय यावं ते सांगतो. ऑर्डर 1 रूल 3 प्रमाणे प्रतिवादी म्हणून तोच येतो, ज्याच्याविरुद्ध त्याच व्यवहारातून काही दाद मागण्याचा हक्क आहे असं वादी म्हणतो. कस्तुरी विरुद्ध अय्यमपेरुमल (2005) हा निकाल करारपूर्तीच्याच दाव्यातला. आवश्यक पक्षकार कोण, याच्या दोन कसोट्या त्यात आहेत: त्याच्याविरुद्ध या वादविषयात दाद मागण्याचा हक्क असला पाहिजे, आणि त्याच्याशिवाय परिणामकारक हुकूमनामा होणं शक्य नसलं पाहिजे. काकांना दोन्ही लावून बघा. जागा त्यांची नाही, त्यांनी करार केलेला नाही, विसार त्यांच्या हातात गेलेला नाही, आणि ते नसले तरी खरेदीखताचा हुकूम व्हायला काडीचीही अडचण नाही.

"साक्षीदार होते म्हणजे सगळं माहीत होतं" या वाक्याला घाबरू नका. साक्षीदाराची सही एवढंच सांगते की त्याच्यासमोर सह्या झाल्या. दस्तातला मजकूर त्याला माहीत होता किंवा मान्य होता, असं त्या एका सहीवरून धरता येत नाही. 1922 पासून, पांडुरंग कृष्णाजी विरुद्ध मार्कंडेय तुकाराम या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापासून, ही भूमिका कायम आहे. आणि समजा मजकूर माहीत होता, तरी माहिती असणं म्हणजे देणं लागणं नव्हे. पैसे परत करायची जबाबदारी करारातून येते, आणि काका कराराचे पक्षकार नाहीत.

मला मनापासून वाटतं की साक्षीदाराला प्रतिवादी करणं हा अन्याय आहे. उद्या साठेखत सिद्ध करायला ज्याची साक्ष वादीलाच लागणार, त्यालाच पैशाच्या मागणीखाली दाबून ठेवायचं. असं होत राहिलं तर शेजाऱ्याच्या कागदावर सही करायला कोणी पुढे येणार नाही.

रोजनामा

कोर्टात नोकरी करून निवृत्त झालोय, टेबलापलीकडून जे दिसायचं ते सांगतो.

घाटमाथांनी लिहिलेलं "कैफियतीची घाई नाही" हे वाक्य, ताई, कृपया विसरा. समन्स मिळाल्यापासून 30 दिवस, न्यायालयानं कारण नोंदवून वाढवले तर जास्तीत जास्त 90 दिवस. अर्ज टाकला की घड्याळ थांबतं असा लोकांचा समज असतो. मग एक दिवस रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारखेवारी नोंदीत, "कैफियतीविना" असा आदेश दिसतो आणि धावपळ सुरू होते. तो आदेश रद्द करून घ्यायचा वेगळा अर्ज, त्यावर वादीचं म्हणणं, त्यावर खर्च. हे सगळं टाळता येण्यासारखं असतं.

म्हणून नाव वगळण्याचा अर्ज आणि कैफियत दोन्ही एकदमच दाखल करा. कैफियतीच्या पहिल्याच परिच्छेदात "या प्रतिवादीस विनाकारण सामील केले आहे" हा आक्षेप घ्या. ऑर्डर 1 रूल 13 सांगतो की चुकीच्या सामिलीकरणाचा आक्षेप लवकरात लवकर, मुद्दे काढण्याच्या वेळी किंवा त्याआधी, घ्यायचा. नाही घेतला तर सोडून दिला असं धरलं जातं.

आणि बाबांना सांगा, पहिल्या तारखेला गेलं की कोणी उलटतपासणी घेत नाही. वकीलपत्र दाखल होतं, पुढची तारीख पडते. अर्धी भीती तिथेच जाते.

घाटमाथा

रोजनामा सर, पण सलीमभाईत तर म्हटलंय की सात-अकरा प्रलंबित असताना कैफियत द्यायला लावणं ही कार्यपद्धतीतली चूक आहे. मग?

काळाकोट

त्यात तसं म्हटलंय, खरं. पण 2016 चा आर. के. रोजा विरुद्ध रायुडू हा निकाल सोबत वाचा. अर्ज आला की दावा पुढे नेण्याआधी तो निकाली काढावा, हे त्यातही आहे. मात्र हुकलेली कैफियत परत मिळवण्याची युक्ती म्हणून हा अर्ज वापरता येणार नाही, असंही बजावलंय. वाणिज्यिक दाव्यात तर 120 दिवसांनंतर दार कायमचं बंद. 2019 च्या एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स प्रकरणात सात-अकरा प्रलंबित होता ही सबब चालली नाही. आणि ही सगळी चर्चा सात-अकराची. ऑर्डर 1 रूल 10 च्या अर्जाला तर तेवढंही संरक्षण नाही. रोजनामा म्हणतात तेच करा.

घाटमाथा

पटलं. पण तिऱ्हाईतानं सात-अकरा कधीच टाकू नये असं म्हणता का? दहिबेन प्रकरणात नंतरच्या खरेदीदारांनीच अर्ज टाकला होता आणि तो मंजूर झाला.

काळाकोट

उत्तम मुद्दा काढलात. दहिबेन विरुद्ध अरविंदभाई (2020) मध्ये मूळ मालकांनी 2009 मध्ये खरेदीखत करून दिलं. घेणाऱ्यानं 2013 मध्ये ती जमीन पुढे विकली. डिसेंबर 2014 मध्ये मूळ मालक कोर्टात आले: ठरलेल्या 1,74,02,000 रुपयांपैकी आम्हाला फक्त 40,000 मिळाले, खरेदीखत रद्द करा. आता खरेदीखतातच 36 चेकचा तपशील लिहिलेला. पैसे मिळाले नाहीत हे तेव्हाच कळलं असणार, मुदत तीन वर्षांची, आणि आले पाच वर्षांनी. नंतरच्या खरेदीदारांनी अर्ज टाकला आणि वादपत्र फेटाळलं गेलं.

पण का फेटाळलं गेलं? कारण मुदतीचा बांध सगळ्यांनाच लागू होता. पहिला खरेदीदार असो की दुसरा, दावा कोणाविरुद्धच टिकत नव्हता. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: माझा आक्षेप फक्त माझ्यापुरता आहे, की तो दाव्याच्या मुळावरच येतो? मुदत, कायद्यानं घातलेली बंदी, संपूर्ण वादपत्रातच दाव्याला कारण नसणं, असे आक्षेप असतील तर तिऱ्हाईतानंही बेलाशक सात-अकरा टाकावा. "बाकीच्यांचं काय ते बघा, मला यात घेऊ नका" एवढाच आक्षेप असेल तर एक-दहा, म्हणजे ऑर्डर 1 रूल 10.

उंबरठा

धागा वाचून धीर आला, म्हणून लिहितोय. माझंही असंच आहे. मी गेल्या वर्षी एक प्लॉट घेतला, खरेदीखत झालं, सात-बारावर नाव लागलं. आता कळतंय की मालकानं त्याआधी दुसऱ्याला नोंदणीकृत साठेखत करून दिलं होतं. त्या माणसानं करारपूर्तीचा दावा लावलाय आणि मला प्रतिवादी क्र. 2 केलंय. माझा आणि त्याचा कसलाच करार नाही. कस्तुरी निकालाच्या आधारे मीही नाव कमी करून घेऊ शकतो ना?

काळाकोट

उंबरठा, नका करू. तुमची परिस्थिती वेगळी आहे, आणि दाव्यातून बाहेर पडणं तुम्हाला फार महागात पडेल.

कस्तुरीतला तिऱ्हाईत मालमत्तेवर स्वतःचा स्वतंत्र हक्क सांगत होता. तुमचा हक्क आलाय त्याच मालकाकडून, ज्यानं आधी साठेखत करून दिलं. विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 चं कलम 19(ब) बघा: करारानंतर ज्यानं मालकाकडून मालमत्ता घेतली, त्याच्याविरुद्धही करारपूर्ती मागता येते. सूट फक्त त्याला, ज्यानं मोबदला दिला, सद्भावनेनं दिला आणि आधीच्या कराराची सूचना त्याला नव्हती. 1954 च्या लाला दुर्गाप्रसाद निकालापासून हुकूमनाम्याचं स्वरूपही ठरलेलं आहे: मूळ मालकानं खरेदीखत करून द्यायचं आणि नंतरच्या खरेदीदारानं त्यात सामील होऊन आपला हक्क वादीकडे द्यायचा. तुमच्यावाचून असा हुकूमनामा होतच नाही. त्यामुळे अर्ज केलात तरी नामंजूर होईल.

पण समजा वादीनं चुकून हरकत घेतली नाही आणि नाव निघालं. मग प्लॉटबद्दलची लढाई तुमच्या माघारी मालक लढणार, आणि त्याला तर तुमचे पैसे मिळालेलेच आहेत. तो कशाला झगडेल? तुम्ही आत राहा आणि सगळी ताकद "सूचना नव्हती, सद्भावनेनं घेतलं" यावर लावा. ते सिद्ध करणं तुमच्यावर आहे. नोंदणीकृत साठेखत ही तुमची सगळ्यात मोठी अडचण, कारण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 3 प्रमाणे नोंदणी हीच सूचना मानली जाते. खरेदीआधी शोध अहवाल घेतला होता का? कोणत्या वर्षांचा, कोणत्या दुय्यम निबंधकाकडचा? ते कागद आजच शोधा.

उंबरठा

शोध घेतला होता वकिलांनी, पण अहवालात ते साठेखत आलेलंच नाही. आता तो अहवाल आणि पावती दोन्ही काढून ठेवतो. मनापासून आभार, मी उद्याच अर्ज टाकणार होतो.

रोजनामा

उंबरठा, एक जास्तीचं. दावा चालू असताना प्लॉट पुढे विकायचा विचारही करू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम 52 आहे: दावा चालू असताना मालमत्ता घेणाऱ्यालाही त्या दाव्याचा निकाल बांधतो. आपल्याकडे मुंबई दुरुस्तीमुळे ते लागू व्हायला वादीनं दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवावी लागते, त्यामुळे काही जण "नोटीस नोंदवलेली नाही ना, मग विका" असा सल्ला देतात. त्या सल्ल्यामुळे पुढच्या घेणाऱ्याची काय फरफट होते ते मी खूप बघितलंय.

सांजवेळ

मी खासगी कंपनीत संचालक होते, राजीनामा दिलाय. पुरवठादारानं कंपनीवर वसुलीचा दावा केला, त्यात आम्हा सगळ्या संचालकांना ओढलं. वर माझ्याबद्दल दोन परिच्छेद असे आहेत की वाचवत नाहीत. व्यवहाराशी संबंध नसलेलं, घरगुती, बदनामीकारक. नाव निघेल तेव्हा निघेल, पण तोवर ते परिच्छेद रेकॉर्डवर तसेच राहणार?

काळाकोट

सांजवेळताई, त्यासाठी ऑर्डर 6 रूल 16 आहे. अनावश्यक, बदनामीकारक, खोडसाळ, किंवा न्याय्य सुनावणीत अडथळा आणणारा मजकूर न्यायालय वादपत्रातून खोडून काढू शकतं. हा नियम तुकड्यातुकड्यानं वापरता येतो, हाच त्याचा सात-अकराशी असलेला मोठा फरक. नाव वगळण्याच्या अर्जासोबतच स्वतंत्र अर्ज द्या आणि कोणती वाक्यं, कोणत्या ओळी, ते अवतरणचिन्हात जसंच्या तसं लिहा. "परिच्छेद 11 व 12 आक्षेपार्ह आहेत" असा मोघम अर्ज न्यायाधीशांना आवडत नाही.

संचालक म्हणून: कंपनीचं देणं कंपनीचं. तुम्ही वैयक्तिक हमी दिली असेल, किंवा तुमच्याविरुद्ध फसवणुकीचा ठोस आरोप असेल, तर गोष्ट वेगळी. वैयक्तिक हमीपत्रावर सही आहे का, ते आधी आठवा.

पारिजातक

फसवणुकीवरून विचारते. वादीनं उद्या वादपत्रात दुरुस्ती करून "क्र. 4 यांनी इतरांशी संगनमत करून फसवणूक केली" असं घातलं तर? अर्ज बघून ते तेच करतील अशी भीती वाटते.

काळाकोट

भीती रास्त आहे, बरेच वकील तसंच करतात. पण नुसतं "संगनमत" लिहून भागत नाही. ऑर्डर 6 रूल 4 प्रमाणे फसवणुकीचा तपशील द्यावा लागतो: काय सांगितलं, कधी, कोणाला, त्यावर विसंबून वादीनं काय केलं. 1977 च्या अरिवंदनम निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी चलाख लेखणीनं दाव्याच्या कारणाचा भास निर्माण करणाऱ्या वादपत्रांना सुरुवातीलाच आवर घालायला सांगितलंय. निकाल सात-अकराचा आहे, पण वादपत्र कसं वाचावं याचा धडा एक-दहाच्या अर्जातही उपयोगी पडतो. दुरुस्ती अर्ज आला तर म्हणणं देताना हेच मांडा: आमचा आक्षेप आल्यावर सुचलेली ही गोष्ट आहे, मूळ वादपत्रात तिचा मागमूस नाही.

पारिजातक

आणि खर्च मिळतो का? बाबांना पैसे नकोत, पण या वयात हा त्रास दिला त्याची दखल तरी घेतली जावी असं वाटतं.

काळाकोट

मागा जरूर. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35-अ खाली खोट्या किंवा खोडसाळ मागणीबद्दलची भरपाई साध्या दाव्यात 3000 रुपयांच्या वर जात नाही. ही मर्यादा आजच्या काळात अपमानास्पद आहे, तिऱ्हाइताला ओढणाऱ्याला तिचा काहीच धाक वाटत नाही. ती बदलायला हवी असं मी जिथे तिथे बोलतो.

रोजनामा

पारिजातक, अर्ज टाकण्याआधी एक साधी गोष्ट करून बघा. वादीच्या वकिलांना तुमच्या वकिलांमार्फत पत्र पाठवा: क्र. 4 विरुद्ध कोणतीही जबाबदारी निघत नाही, त्यांना वगळण्याची पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, द्या. ऑर्डर 23 रूल 1 प्रमाणे वादी कोणत्याही एका प्रतिवादीविरुद्धची मागणी सोडून देऊ शकतो. पुष्कळदा वादीलाही कळलेलं असतं की चौथा माणूस ओझंच आहे: त्याचं समन्स, त्याची कैफियत, त्याची उलटतपासणी, आणि शिवाय आपलाच साक्षीदार दुखावलेला. चार ओळींची पुरसीस, त्यावर न्यायाधीशांची सही, संपलं.

फक्त पुरसीशीचे शब्द नीट बघा. नुसतं "नाव कमी करावे" नको, "क्र. 4 विरुद्धची मागणी सोडून देत आहोत" असं हवं, आणि नव्यानं दावा करण्याची मुभा राखून ठेवलेली नको. तशी मुभा कोर्टानं दिलेली नसेल तर त्याच कारणावरून बाबांवर पुन्हा दावा करता येत नाही. पत्राची पोच जपून ठेवा. नाही म्हणाले तर तीच पोच अर्जासोबत जोडायची, खर्चाच्या मागणीला आधार होतो.

घाटमाथा

शेवटचं विचारतो. एक-दहाचा अर्जच नामंजूर झाला तर अपील कुठे?

काळाकोट

अपील नाही. संविधानाच्या अनुच्छेद 227 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, आणि तिथे हस्तक्षेप मोजकाच होतो. सात-अकराचं गणित वेगळं: मंजूर झाला तर तो कलम 2(2) प्रमाणे हुकूमनामा ठरतो आणि वादीला अपील मिळतं, नामंजूर झाला तर प्रतिवादीला कलम 115 चा पुनरीक्षण अर्ज.

आणि उलट बाजूही ध्यानात ठेवा. अर्ज मंजूर होऊन काकांचं नाव निघालं आणि दोन वर्षांनी वादीला त्यांना परत आणावंसं वाटलं, तर मुदत अधिनियमाचं कलम 21 आडवं येतं: नव्यानं सामील केलेल्या पक्षकाराविरुद्ध दावा त्या दिवशी दाखल झाला असं धरतात, सद्भावनेनं झालेली चूक असेल तरच सवलत. म्हणून नाव वगळल्याच्या आदेशाची प्रमाणित नक्कल लगेच काढून घ्या. तारीख त्यातच असते.